जिओजेब्रा शिकायचंय: कार्यशाळेत की स्पोकन ट्युटोरियलवर?

वर्गात टीव्ही आलाय, शाळेकडे लॅपटॉप आहे, आणि भूमिती आता फळ्यावर काढण्यापुरती न ठेवता जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर हलवून दाखवायची आहे. मग ते शिकायचं कुठे? तालुक्याला किंवा जिल्ह्याला भरणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेत, की आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ धड्यांवरून आपलं आपण? मी दोन्ही केलं आहे. नववी-दहावीला गणित शिकवतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. 12 वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि 24 वर्षांनंतरच्या निवडश्रेणीसाठी जे प्रशिक्षण लागतं ते करायचंच असतं, त्यात निवडीचा प्रश्न येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास दाखवायचे तर हातात कागद असलेला बरा. कार्यशाळेत हजेरीपत्रक असतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. घरी किंवा स्टाफरूममध्ये बसून ट्युटोरियल पाहिलं तर त्याची नोंद आपोआप कुठेही होत नाही. तुमची गरज प्रामुख्याने नोंदीची असेल तर कार्यशाळेचं पारडं उघडच जड आहे. पुढचं सगळं ज्याला सोमवारच्या तासाला काहीतरी वेगळं करून पाहायचं आहे त्याच्यासाठी.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचाचा विषयही इथे निघणारच. हा मंच 5 सप्टेंबर 2017 ला सुरू झाला, आणि 2020 च्या ऑक्टोबरपासून निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रमही त्यावर ऑनलाइन आले. तंत्रज्ञान अध्यापनात कुठे बसवायचं, मूल्यमापनाशी ते कसं जोडायचं, याचा विचार तिथे नीट मांडलेला आहे आणि तो वाचावाच. पण एखादं सॉफ्टवेअर हाताखाली घेऊन त्यात तयार होणं ही वेगळी गरज आहे, म्हणून या तुलनेत मी त्याला धरलेलं नाही.

कार्यशाळेत सगळ्यात मोलाचं काय असेल, तर शेजारी बसलेला दुसरा गणिताचा शिक्षक. जेवणाच्या सुट्टीत एका सरांनी सांगितलं की आकृती हलवण्याआधी ते मुलांना वहीत अंदाज लिहायला लावतात: बिंदू सरकवला तर कोन वाढेल, कमी होईल की तसाच राहील? मग सरकवतात. माझ्या तासात तेव्हापासून हेच चालतं. आधी लिहिलेलं असलं की मूल पडद्याकडे उत्तर तपासायला बघतं, नाहीतर नुसती गंमत बघतं. हे कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मला सापडलं नाही, आणि सापडेल अशी अपेक्षाही नाही, कारण ते सॉफ्टवेअर शिकवतात. शिवाय दोन दिवस वेळापत्रक, बदली तास आणि कार्यालयीन माहिती यांपासून सुटका मिळते, आणि शिकायला ती लागतेच.

असं असूनही माझा कल दुसरीकडे गेला, तो एका अडचणीमुळे.

मी गेलो त्या कार्यशाळेत सभागृहात मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल होतं. इंटरनेट सुरू, जिओजेब्रा ब्राउझरमध्ये उघडलेलं, मार्गदर्शक बोटाने बिंदू ओढत होते. माझ्या वर्गात लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, त्याला जोडलेला जुना लॅपटॉप आणि माउस. वर्गापर्यंत नेट पोहोचत नाही. म्हणजे शिकवलं गेलं एका यंत्रावर आणि तास घ्यायचा दुसऱ्यावर. तरी हा फरक मी पचवला असता. खरी अडचण त्याच्या पुढची आहे: मार्गदर्शकाचा हात सरावलेला असतो, त्यामुळे जिथे नवा माणूस अडकणार ती जागा त्यांच्या हाताखाली दिसतच नाही.

उदाहरणच घ्या. दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणात आंतरलिखित कोन आहे. वर्तुळावर दोन बिंदू स्थिर ठेवायचे, तिसरा वर्तुळावरून फिरवायचा, आणि एकाच कंसावर असेपर्यंत कोन बदलत नाही हे मुलांनी स्वतः पाहायचं. कोन मोजण्यासाठी तीन बिंदूंवर क्रमाने क्लिक करावं लागतं. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतं. क्रम उलटा झाला की 40 च्या जागी 320 उमटतं. मार्गदर्शकांचा क्रम सवयीने बरोबरच पडत होता, त्यामुळे पडद्यावर सगळं सुरळीत चाललं आणि माझ्या वहीत आलं ते एवढंच: ‘कोनाचं साधन, तीन बिंदू’. वर्गात ही टीप उपयोगी पडत नाही. मुलं 320 कडे बघत असतात आणि आपण साधनपट्टीत काहीतरी शोधत असतो. सभागृहात विचारायची सोय होती, पण अडकलोच नव्हतो तर विचारणार काय?

स्पोकन ट्युटोरियलची रचना नेमकी इथे उपयोगी पडते. साधारण दहा-दहा मिनिटांचे भाग असतात. पडद्याच्या अर्ध्या भागात ट्युटोरियल, अर्ध्या भागात सॉफ्टवेअर उघडायचं. ऐकायचं, थांबवायचं, तेच आपण करायचं, मगच पुढे जायचं. कुठलाही भाग प्रसिद्ध होण्याआधी विषयात नवख्या असलेल्या माणसाला तो करून पाहायला देतात, आणि ते जाणवतं. बारीकसारीक पायऱ्या गाळलेल्या नसतात. प्रश्न विचारायची जागाही त्याच विचाराने केली आहे: कोणत्या भागात, कितव्या मिनिटाला अडलं हे निवडून तिथे प्रश्न टाकता येतो. आणि भाग उतरवून ठेवता येतात, त्यामुळे नेट नसलेल्या वर्गातल्या त्याच लॅपटॉपवर, त्याच माउसने शिकता येतं.

320 ची भेट मला याच पद्धतीत आधी होऊन गेली, कारण करणारा हात माझा होता. मग क्रम उलटून पाहिला. नंतर त्या कोनाच्या गुणधर्मांत जाऊन मापाची मर्यादा 0 ते 180 अशी ठेवली, आणि त्यातून अनपेक्षितपणे पुढचा धडाच हाती आला. मर्यादा ठेवली नसताना फिरता बिंदू दुसऱ्या कंसावर नेला तर 40 चा कोन एकदम 220 होतो. मर्यादा ठेवली की 140 दाखवतो. 40 आणि 140 समोरासमोर आले की चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक का असतात हे वेगळं सांगावं लागत नाही, मुलंच बेरीज करतात. सभागृहातल्या सुरळीत प्रात्यक्षिकात या वाटेवर मी आलो नसतो असं मला वाटतं. दुसऱ्या कोणाचा अनुभव निराळा असू शकतो. मार्गदर्शक थांबून थांबून करवून घेणारे असतील आणि गट लहान असेल, तर माझी ही तक्रार बरीचशी गळून पडेल.

ट्युटोरियलच्या बाजूने बोलतोय म्हणून त्याच्या उणिवा लपवत नाही. पडदा बहुतेक ठिकाणी लिनक्सचा असतो. विंडोजवर खिडक्या थोड्या वेगळ्या दिसतात. आपल्याकडची आवृत्ती निराळी असली तर एखादा मेनू हलवलेला असतो आणि तो शोधावा लागतो. आवाज मराठीत असला तरी पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो, आणि प्रत्येक मालिका पूर्ण मराठीत मिळेलच असं नाही. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे एकटेपणा. कोणी वाट पाहत नसतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भागानंतर मालिका तशीच पडून राहते. आमच्याकडे यावर एक साधा उपाय लागू पडला: विज्ञानाच्या मॅडमना घेऊन बसायचं. त्यांना जिओजेब्रा नको होतं, त्यांना कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, वर्गात आणायची होती, जी मराठीतही आहेत आणि फाइल उतरवून नेटशिवाय चालतात. त्या त्यांचं करायच्या, मी माझं, आणि अडलं की एकमेकांच्या पडद्यात डोकावायचं. मोकळ्या तासिकेत हे जमतं.

तर ज्यांनी जिओजेब्रा कधी उघडलेलंच नाही आणि एकट्याने सुरू करायचा धीर होत नाही, त्यांनी आधी कार्यशाळेला जायला हरकत नाही. जाताना शाळेचाच लॅपटॉप न्यावा, स्वतःचा नवा नको, आणि मार्गदर्शक पुढे गेले तरी एक रचना स्वतःच्या हाताने पुरी केल्याशिवाय जागेवरून उठू नये. शेजारच्यांशी मात्र भरपूर बोलावं. ज्यांना एका प्रकरणापुरतं नीट तयार व्हायचं आहे, त्यांना मी तरी आधी ट्युटोरियलच सुचवेन, आणि कार्यशाळा त्यानंतर. तेव्हा विचारायला खरे प्रश्न तयार असतात.

सुरुवात पूर्ण मालिकेने करू नका. जून उजाडायच्या आत वर्गातल्या लॅपटॉपवर जिओजेब्राची नेटशिवाय चालणारी आवृत्ती टाकून घ्या. यंत्र जुनं असेल तर क्लासिक 5 हलकं पडतं. बिंदू, वर्तुळ आणि कोन एवढ्यांपुरते भाग उतरवा, आणि टीव्हीला जोडूनच सराव करा. लॅपटॉपवर स्पष्ट दिसणारं कोनाचं माप शेवटच्या बाकावरून वाचता येत नाही, तेव्हा अक्षरांचा आकार वाढवायला कुठे जायचं तेही त्याच बैठकीत शोधून ठेवा.