दोन चाळण्यांचे स्टीलचे मोदकपात्र: सगळे चोख, झाकण सपाट

मोदकपात्र घेताना लोक पत्रा ठोकून बघतात, तळ किती जड ते विचारतात. आधी बघायचे असते झाकण. 24 सेंमी व्यासाच्या या पात्रात नेमके तेच सपाट आहे.

वाफ झाकणाला लागली की तिचे पाणी होते. घुमटी झाकणात ते कडेने ओघळून परत तळात जाते. सपाट झाकणात थेंब जागच्या जागी लोंबतात आणि वरच्या चाळणीतल्या मधल्या चार-पाच मोदकांवर ठिबकतात. तिथली पारी चिकट होते, कळ्या बसतात. उपाय: झाकणाला आतून सुती पंचा ताणून बांधा आणि गाठ वर मुठीवर घ्या, नाहीतर टोके आचेवर लोंबतील.

बाकी घडण चोख. खालची चाळणी तळापासून 5 सेंमीवर बसते. 1 लिटर पाणी घातले की पातळी 2 सेंमीच्या जरा वर येते, तेवढे पुरे. दीड लिटरच्या पुढे गेलात तर उकळीचे शिंतोडे चाळणीला लागतात आणि मोदकांचे बूड गिळगिळीत होते. मध्यम आचेवर मिनिटाला साधारण 25-30 मिली पाणी उडते, म्हणजे 15 मिनिटांना अर्धा लिटरही लागत नाही. तरी तळात एक नाणे टाकून ठेवा. त्याचा खडखडाट थांबला की पाणी संपत आले.

चाळणीची भोके मोठी आणि दाट आहेत, पण त्यावर केळीचे अखंड पान अंथरले तर वाफेची वाटच बंद. हळदीच्या पानाचे तुकडे फक्त मोदकाखाली ठेवावेत.

1 ग्रॅम पाणी 30 वरून 100 अंशांवर न्यायला 70 कॅलरी लागतात, त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला 540. वाफ मोदकावर टेकून पुन्हा पाणी होते तेव्हा ही उष्णता पारीत उतरते. म्हणून पूर्ण वाफ धरण्याआधी चाळणी चढवू नका. पारी शिजण्याऐवजी नुसती ओलसर होते. वाफ धरली हे ओळखायचे कसे? पांढरा लोट म्हणजे बारीक थेंब, खरी वाफ दिसत नाही. झाकणाच्या भोकाच्या अगदी तोंडाशी काही न दिसता जरा वरून लोट सुरू झाला, की वेळ झाली. मोदक गार पाण्यात बुडवून लगेच ठेवा, पारीला तडे जात नाहीत.

पहिली वाफ खालची चाळणी खाते. खाली 12 मिनिटे पुरतात, वर 15. गॅस 15 मिनिटांनीच बंद करा. तीन मिनिटांनी खालच्यांचे काही बिघडत नाही. (महाबळेश्वरात पाणी 95-96 अंशांनाच उकळते, तिथे आणखी दोन-तीन मिनिटे.) झाकण आपल्यापासून पलीकडे कलते उघडा. हाताला लागलेली वाफही पाणी होतानाच भाजते, म्हणून तिचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट.

बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो. लिंबाची साल घालून पाणी उकळले की सुटतो.

एका खेपेत 21 मोदक होतात. घरात 24 सेंमीच्या कढईचे घुमटी झाकण असेल तर दुकानात सोबत न्या आणि वरच्या चाळणीवर बसवून बघा. नीट बसले तर पात्र घ्या.