खुर्ची घ्यावी की जमीन? उद्योगातून संवर्धनाकडे वळणाऱ्यासाठी

कंपनी उभी केली, पैसा गाठीशी आला, आणि आता उरलेली वर्षं रानं-डोंगर राखण्यात घालवायची असं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो तो वाटेचा. सरकारात शिरून काम करावं, की स्वतः जमीन विकत घेऊन राखावी? अमेरिकेत या दोन्ही वाटांनी गेलेली माणसं आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते बघून निवड केलेली बरी.

सरकारची वाट म्हटली की स्टीफन मॅथर. हा टाकणखाराचा (बोरॅक्सचा) व्यापारी. टाकणखाराच्या पुड्यावरची वीस खेचरांच्या गाडीची खूण घराघरांत पोचवण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि पुढे स्वतःच्या टाकणखार कंपनीतून तो लक्षाधीश झाला. राष्ट्रीय उद्यानांची दुरवस्था पाहून 1914 मध्ये त्याने अंतर्गत खात्याचे (अमेरिकेत सरकारी जमिनी याच खात्याकडे असतात) मंत्री फ्रँकलिन लेन यांच्याकडे तक्रार केली आणि जानेवारी 1915 मध्ये त्यांचाच सहायक होऊन वॉशिंग्टनला गेला. तेव्हा उद्यानं होती, पण ती सांभाळणारं एक खातं नव्हतं.

मॅथरने तिथे विक्रेत्याचंच कसब वापरलं. जुलै 1915 मध्ये तो संपादक, खासदार, शास्त्रज्ञ अशा वजनदार मंडळींना घेऊन दोन आठवडे सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हिंडला. सोबत ताय सिंग हा चिनी आचारी होता. रानात पांढरं कापड अंथरलेल्या मेजावर तो पंगत मांडायचा. या मंडळींत नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचे गिल्बर्ट ग्रोव्हनर होते. पुढच्याच वर्षी सेक्वॉयाच्या महावृक्षांमधली खासगी जमीन सोडवायला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दिलेले 50,000 डॉलर कमी पडले, तेव्हा उरलेले 20,000 त्यांच्या सोसायटीने घातले. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मॅथरने आधी झाडं दाखवली आणि पैशाचं नंतर काढलं. 25 ऑगस्ट 1916 रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे उद्यानं सांभाळणारं खातं, उभारण्याच्या कायद्यावर सही केली आणि मॅथर तिचा पहिला संचालक झाला.

पण सरकारी खुर्चीत हात बांधलेले असतात. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानातून जाणारा टायोगा रस्ता खासगी मालकीचा होता. मॅथरने स्वतःचे आणि मित्रांचे पैसे घालून तो घेतला आणि सरकारला नाममात्र 10 डॉलरला दिला. आज पदावर बसताना असा मोकळा व्यवहार करता येत नाही. हितसंबंधांचा कायदा कडक आहे: ज्या कंपनीत तुमचे शेअर, तिच्याशी निगडित निर्णयापासून दूर राहायचं किंवा शेअर विकायचे. 2006 मध्ये हेन्री पॉलसन अर्थमंत्री झाले तेव्हा त्यांना गोल्डमन सॅक्स या आपल्या बँकेचे शेअर विकावे लागले. (त्याआधी ते द नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेचे अध्यक्ष होते.) अशा विक्रीवरचा कर पुढे ढकलण्याची सवलत कायद्यात आहे, ती आधीच समजून घ्यावी.

दुसरी किंमत शरीराची. 1917 च्या सुरुवातीला मॅथर मनाने पार खचला आणि कित्येक महिने कामापासून दूर राहिला. गाडा ओढला तो त्याच्या 27 वर्षांच्या सहायकाने, होरेस ऑलब्राइटने. 1928 मध्ये मॅथरला पक्षाघात झाला, 1929 मध्ये त्याने पद सोडलं, आणि पुढच्या वर्षी तो गेला. तरी काम थांबलं नाही, कारण ऑलब्राइट तयार होता. मॅथर तीन राष्ट्राध्यक्षांच्या काळात टिकला. आता सत्ता बदलली की वरच्या खुर्च्याही बदलतात, तेव्हा एवढा अवधी गृहीत धरू नये.

खरेदीची वाट वरवर सरळ दिसते. पैसे मोजले, जमीन आपली. ऑलब्राइटने 1926 मध्ये तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलाला, धाकट्या जॉन रॉकफेलरला, वायोमिंगमधल्या टेटन पर्वताखालचं खोरं दाखवलं. भाव चढू नयेत म्हणून रॉकफेलरने दुसऱ्याच नावाच्या कंपनीमार्फत हजारो एकर घेतले. 1930 मध्ये हे उघडकीस आलं आणि स्थानिक पशुपालक बिथरले. आपल्याला अंधारात ठेवलं, हा राग वर्षानुवर्षं धुमसत राहिला. 1943 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिथे राष्ट्रीय स्मारक (म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने राखीव केलेली सरकारी जमीन) जाहीर केलं, तर लोकांनी निषेध म्हणून त्यातून गुरांचे कळप हाकले. जमीन सरकारने स्वीकारली ती 1949 मध्ये. खरेदीला काही वर्षं पुरली, पण देऊन टाकायला त्याहून कितीतरी जास्त लागली.

मेन राज्यातली रोक्सान क्विम्बी तुमच्या जास्त जवळची. मेणबत्त्या आणि ओठांच्या मलमापासून तिने बर्ट्स बीज ही कंपनी वाढवली, आणि त्या पैशातून जंगल घेतलं. तिने सुरुवातीला शिकार आणि स्नोमोबाइल (बर्फावर चालणाऱ्या गाड्या) बंद केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे फिरणारे लोक खवळले. मग मुलगा लूकस सेंट क्लेअर पुढे झाला. तो गावोगाव बोलत राहिला, काही भागांत शिकारीला आणि बर्फगाड्यांना पुन्हा वाट मिळाली. ऑगस्ट 2016 मध्ये सुमारे 87,500 एकर राष्ट्रीय स्मारक झाले, आणि सोबत देखभालीसाठी निधीही दिला गेला. हा निधी विसरू नका. नुसती जमीन दिली तर घेणाऱ्याच्या गळ्यात खर्च पडतो.

मधली एक वाट आहे: कॉन्झर्व्हेशन ईझमेंट. जमीन मूळ मालकाकडेच राहते, तो शेती-गुरं करतो, पण बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो आणि लँड ट्रस्ट, म्हणजे जमीन राखणारी संस्था, त्यावर नजर ठेवते. खर्च कमी, विरोधही कमी. मात्र लोकांना तिथे फिरता येईलच असं नाही.

माझं मत विचाराल तर असं: तुमचं खरं बळ माणसं जमवण्यात असेल, आणि बजेटसाठी वर्षभर दारोदार जाण्याची तयारी असेल, तर सरकारात जा, मात्र पहिल्याच वर्षी आपला ऑलब्राइट शोधून ठेवा. ती तयारी नसेल तर जमीन घ्या. पण आधी शेजारच्या गावात जाऊन, आपण कोण आणि जमीन कशासाठी हवी, हे स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि ती पुढे कोणाच्या हाती जाणार हे पहिल्या खरेदीखताआधीच ठरवा.