‘सगळं धरून’ पॅकेज आणि वरखर्चाची पाकिटं : सात महिने वापरून

नोव्हेंबर २०२५ ते मे २०२६ या सात महिन्यांत आम्ही कोल्हापूरहून तीनदा मालवण-तारकर्लीला जाऊन आलो. प्रत्येक वेळी दोन रात्री-तीन दिवस आणि तीच पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. पॅकेजही तिन्ही वेळा ‘सगळं धरून’. पहिल्या खेपेला त्या दोन शब्दांवर विसंबून गेलो. पुढच्या दोन खेपांना घरूनच वरखर्चाची पाकिटं भरून नेली. हा अनुभव त्या पाकिटांचा आहे. पॅकेज कुणाचं होतं ते सांगत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही पॅकेजात होऊ शकतं.

नोव्हेंबरचं पॅकेज २६,००० चं होतं. राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण, ‘साइटसीइंग व वॉटर स्पोर्ट्ससह’. परत आल्यावर हिशेब मांडला तेव्हा त्यावर १५,६६० रुपये गेले होते. उधळपट्टी म्हणावी असं एकही कलम त्यात नव्हतं. सासूबाईंसाठी जादा गादी, रात्रीचे ८०० प्रमाणे १,६००. जेवणात मासे होते, पण ती बांगड्याची थाळी. मुलांनी सुरमई मागितली की तुकडा वेगळा लागायचा आणि पापलेटसमोर मेनूकार्डात दराऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या त्सुनामी आयलंडवर वॉटर स्पोर्ट्स चालतात. पॅकेजात त्यातल्या फक्त बनाना आणि बंपर राइड होत्या. जेट स्की वेगळी, पॅरासेलिंग वेगळं आणि त्या बेटावर नेणाऱ्या होडीचेही पैसे वेगळे. स्कुबा दोघांनी केलं, त्याचा व्हिडिओ वेगळा. पाणी, चहा, शहाळी यांचेच तीन दिवसांत १,२४० झाले.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. मला लागली ती मालवणच्या जेटीवरची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला आम्ही बोटीच्या रांगेत उभे होतो. मी पर्स उघडून नोटा मोजत नवऱ्याला म्हणाले, “आज एवढे गेले तर उद्या पॅरासेलिंगला पुरतील का?” सासूबाई शेजारीच होत्या. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “मला पाण्याची भीती वाटते गं. तुम्ही या जाऊन, मी बसते सामानापाशी.” आणि बसल्या. दोन पिशव्या मांडीशी घेऊन, पदर डोक्यावर ओढून, दीड तास. घरी परतल्यावर धाकटीकडून कळलं की भीती वगैरे काही नव्हती. शाळेत असल्यापासून आजीला तो किल्ला बघायचा होता. कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ मध्ये काम सुरू केलं, समुद्राच्या पोटात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, हे सगळं तिनेच नातीला आदल्या रात्री सांगितलं होतं. माझं नोटा मोजणं ऐकून ती मागे सरली होती.

त्यानंतर मी पाकिटं केली. साधी, आहेराची असतात तसली. माणशी दिवसाला ७०० रुपये धरले. पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे १०,५००. ते पाच पाकिटांत वाटले: बोट, मासे, मुलांचे खेळ, पाणी-चहा आणि घरी न्यायचा खाऊ. पहिलं पाकीट भरायचं ते बोटीचं, तेही पाचही जणांचं, आणि ते कुठल्याही कारणाने दुसरीकडे वळवायचं नाही. मेमध्ये २,००० चं सहावं पाकीट अडीअडचणीसाठी जोडलं.

पाकिटांइतकाच उपयोग झाला तो बुकिंगच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांचा. पॅकेजात काय आहे हे सगळे सांगतात. मी विचारायला लागले, “यात काय नाही?” पाचव्या माणसाची गादी धरली आहे का? थाळीत कुठला मासा आणि किती तुकडे? कोणत्या राइड, आणि बेटापर्यंतची होडी कुणाची? मुलांना वयामुळे स्कुबाला घेतलं नाही तर त्यांचे पैसे कमी होणार का? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायची, फोनवर नाही. फोनवर सगळेच “होईल हो, काळजी करू नका” म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण बिल करणारा माणूस दुसरा असतो. जानेवारीत एवढ्या विचारपुशीने जादा गादी पॅकेजात आली आणि त्सुनामीची होडीसुद्धा.

कराचंही असंच. ‘टॅक्स वेगळा’ हे शब्द दिसले की टक्के किती ते विचारा. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. नोव्हेंबरच्या आमच्या बिलात १२ टक्केच लावले होते. दाखवून दिल्यावर त्यांनी विनातक्रार बदलून दिलं, पण दाखवलं नसतं तर तसंच राहिलं असतं.

माझे दीर याच काळात मालदीवला जाऊन आले. तिथलं ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ आमच्यापेक्षा किती तरी मोठं, तरी ग्रीन टॅक्स माणशी रात्रीला १२ डॉलर आणि विमानतळावरून रिसॉर्टवर नेणाऱ्या स्पीडबोटीचं भाडं त्यांना वेगळंच पडलं. त्यांनी तिथून फोनवर हे सांगितलं तेव्हा मला आमची देवबागची होडी आठवली.

आता जानेवारीचा खरा हिशेब. १०,५०० नेले, १०,३८० गेले. आकडा छान दिसतो, पण मधे ओढाताण झाली. पहिल्याच रात्री नवऱ्याने दर न विचारता दोन पापलेटं तव्यावर टाकायला सांगितली आणि मासे पाकीट निम्मं झालं. ती भर खाऊच्या पाकिटातून काढली, म्हणून त्या खेपेला काजू न घेता आलो, फक्त खाजा आणि आमसुलं. तेव्हापासून आमचा नियम: मासा आधी ताटलीत आणून दाखवायला सांगायचं, दर विचारायचा, मग हो म्हणायचं. याला कोणी वाईट मानत नाही. उलट कोकणातली माणसं अशा चोखंदळ गिऱ्हाइकाशी जास्त आपुलकीने बोलतात असा माझा अनुभव आहे. मेमध्ये तर आम्ही संध्याकाळी बंदरावरून सुरमई आणि तिसऱ्या (शिंपले) विकत घेऊन आम्ही उतरलो होतो त्या घरी दिल्या. तिथल्या काकूंनी फक्त करणावळ घेतली, आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी आपणहून केलं. तीन खेपांतलं सगळ्यात चांगलं जेवण ते, आणि ते पॅकेजात नव्हतं.

पाकिटांच्या अडचणीही आहेत. रोख जवळ बाळगायची म्हणजे पोहायला उतरताना एक जण किनाऱ्यावर हवाच. सुटे पैसे नसतील तर शहाळेवाल्याकडे पाचशेची नोट चालत नाही, म्हणून शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा बँकेतून आधीच आणाव्या लागतात. शिवाय एकदा मोबाइलने स्कॅन करायला सुरुवात केली की पाकिटाला अर्थ उरत नाही. जानेवारीत मुलाने खेळांचे तीनशे असेच भरले आणि नंतर ते आठवून वहीत चढवताना आमची वादावादी झाली. आता मोबाइलने दिले की तेवढी नोट त्याच वेळी पाकिटातून काढून पर्समध्ये टाकतो.

पावसाळी पॅकेजं स्वस्त असतात, आम्हालाही जूनचं एक सांगून आलं होतं. ते घेतलं नाही. मे संपता संपता किल्ल्याच्या बोटी आणि पाण्यातले खेळ बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीवरही बंदी असते. वरखर्च खूप वाचेल, पण आम्ही ज्यासाठी जातो तेही मिळणार नाही. नुसता पाऊस आणि हिरवळ बघायची असेल त्यांनी जरूर जावं.

मेच्या खेपेला पहिल्या दिवशी वारा सुटला होता, बोटी बंद. दुसऱ्या दिवशीही जेटीवर जाऊन परत आलो. मुलगा म्हणाला, “बोटीचं पाकीट तसंच आहे, त्यात आज पॅरासेलिंग करू.” नोव्हेंबरमध्ये मी हो म्हटलं असतं. या वेळी ते पाकीट माझ्याकडे नव्हतंच, घरातून निघतानाच मी ते सासूबाईंच्या हातात दिलं होतं. त्यांनी ते कमरेच्या बटव्यात ठेवलं होतं आणि काही न बोलता बटव्यावर हात ठेवला. मुलगा गप्प झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत होता. तिकिटाच्या खिडकीपाशी सासूबाईच पुढे गेल्या, बटव्यातून पाकीट काढलं, नोटा एकेक करून मोजल्या आणि म्हणाल्या, “पाच.” बोटीत चढताना लाटेने बोट हलली तसा नावाड्याने हात पुढे केला, “आजी, हात द्या. मी आसय मा.” किल्ल्यावर त्या आमच्या पुढे चालत होत्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरींची नावं वाटाड्याच्या आधी त्यांनीच घेतली. साखरबावीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायल्या आणि धाकटीला म्हणाल्या, “बघ, खारट नाही.”

त्या खेपेला १२,५०० पैकी १२,२४० गेले. उरलेले २६० सासूबाईंनी बोटीच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलेत, दिवाळीनंतरच्या खेपेसाठी.