म्हापशातला वॉशिंग मशीनचा २२० रुपयांचा ड्रेन पाइप आणि तो देणारं दुकान

पाइपला पाचपैकी चार, दुकानाला साडेतीन, आणि पाइपसोबत फुकट मिळणाऱ्या क्लिपला शून्य. गणेशचवथीनंतर बसवला, आता शिगमा, म्हणजे आमची होळी, होऊन गेला, म्हणजे पर्यटकांचा अख्खा मोसम या पाइपने काढला. आता लिहायला हरकत नाही. गोव्यातल्या मांद्रे, मोरजी, हरमल या किनाऱ्याच्या भागात आम्ही ज्या बायका घरच्या खोल्या भाड्याने देतो, त्यांची वॉशिंग मशीनं चादरी-टॉवेल धुऊन धुऊन आधीच टेकीला आलेली असतात. त्यांना याचा उपयोग होईल.

आमचं मशीन साडेसहा किलोचं, वरून झाकण उघडणारं, फुल्ली ऑटोमॅटिक. मागच्या पडवीत चिऱ्याच्या कट्ट्यावर ठेवलंय. पावसाळ्यात पडवी तशीही ओलीच असते, त्यामुळे गळती कधी सुरू झाली कोण जाणे. ऊन पडलं, लादी सुकायला लागली आणि मशीनमागचा एक कोपरा काही केल्या सुकेना, तेव्हा लक्षात आलं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच असावं. मॉडेल नंबर झाला, पिनकोड झाला, मग समजलं की टेक्निशियन पेडण्याच्या बाजूला आठवड्यातून एकदाच फिरकतो, घरी येण्याचे पैसे वेगळे आणि पाइपचे वेगळे. ऑक्टोबर तोंडावर, बुकिंग यायला लागलेली. कोण थांबणार? आमच्या ह्यांचं म्हणणं, एमसील लावून टाक. एमसील वाळलं की कडक होतं आणि हा पाइप तर मशीन चाललं की सारखा हलतो, वाकतो. दोन धुण्यांत पोपडा निघून येतो. चिकटपट्टीचं तर बोलायलाच नको.

पैसे खर्चायच्या आधी पाणी नक्की कुठून गळतंय ते बघून घ्या, कारण प्रत्येक गळती ड्रेन पाइपची नसते. पाणी भरताना गळत असेल तर नळाकडचा इनलेट पाइप किंवा त्याचा वायसर बघा. कपडे घुसळताना गळत असेल तर टब किंवा खालचा व्हॉल्व्ह. फक्त पाणी सोडतानाच गळत असेल तर ड्रेन पाइप. याचं कारण असं की वरून झाकणाच्या बऱ्याच मशीनांत पाणी बाहेर फेकायला पंप नसतो. टबाच्या खाली एक व्हॉल्व्ह असतो, छोटी मोटर तो ओढून उघडते आणि पाणी आपल्या वजनाने उताराला निघून जातं. व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ड्रेन पाइपात टबातलं पाणी येतच नाही. मी पाइप फडक्याने पुसला, त्याच्याखाली आदल्या दिवसाचा ‘तरुण भारत’ लांबच्या लांब पसरला, टबात थोडं पाणी घेतलं आणि मशीन नुसतं स्पिनवर लावलं. छोट्या जाहिरातींच्या पानावर बरोब्बर एका जागी डाग उठला आणि पसरत गेला.

हा पाइप घड्याघड्यांचा, वाकणारा असतो. काढून उन्हाकडे धरला तर घडीच्या खाचेत अर्ध्या नखाएवढी चीर. पाइप जिथे चिऱ्याच्या कडेवरून खाली वळत होता, नेमकी तिथेच. कपडे पिळताना हे मशीन मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं आणि त्या थरथरीत पाइप खरबरीत चिऱ्यावर घासत बसलेला. वर आतल्या खाचाखाचांत वाळू! किनाऱ्यावरून आलेली माणसं टॉवेल झटकत म्हणून नाहीत. पाइप उलटा करून आपटला तर मूठभर हरमल आमच्या अंगणात आलं.

आता आधी नापास झालेल्या मालाविषयी. पुतण्याने मोबाइलवरून एक ‘युनिव्हर्सल’ पाइप मागवला होता, १७९ रुपये, घरपोच. तो आला चपट्या पाकिटात दुमडून, आणि जिथे दुमड पडली होती तिथे प्लॅस्टिकवर पांढरी रेघ. तशी रेघ दिसली की पुढे तिथेच तडा जाणार हे धरून चाला. भिंत इतकी पातळ की अंगठ्याने दाबली तर पाइप बसायचा आणि पुन्हा उठायला वेळ घ्यायचा. मशीनकडचं तोंड सैल. क्लिप कितीही आवळली तरी एका बाजूला सुरकुती पडून पाणी झिरपणारच. बसवून न बघताच परत पाठवला. पैसे परत आले, तेवढं खरं सांगायला हवं.

मग शिवोलीचा पूल ओलांडून म्हापसा. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. पाटीवरचं नाव पावसापाण्याने पुसलं गेलंय, पण मिक्सरच्या भांड्यांची कपलिंगं, शेगडीचे बर्नर, पंख्याचे कंडेन्सर आणि छतापासून लोंबणारे करडे पाइप दिसले की तेच ते. काउंटरवर साठीचे गृहस्थ. मी मॉडेल नंबर वाचायला चष्मा काढतेय तोवर त्यांनी विचारलं, “बाय, जुनो पायप हाडला?” आणला होता. त्यांनी तो हातात घेतला, चिरीकडे बघितलंसुद्धा नाही, थेट तोंड बघितलं. मग खणातून सुतळीत ओवलेले प्लॅस्टिकच्या नळकांड्यांचे तुकडे काढले. वेगवेगळ्या मशीनांची, मोडीत निघालेल्या व्हॉल्व्हांची कापलेली तोंडं होती ती. एकेक तुकडा माझ्या जुन्या पाइपात घालून बघितला, तिसरा चपखल बसला, आणि तोच तुकडा नव्या पाइपात घालून, पिळून, ओढून दाखवला. निघेना. दुकानाला मार्क दिलेत ते या सुतळीसाठी. मॉडेल नंबरवरून पाइप देणारे पुष्कळ आहेत. पण एकाच कंपनीच्या दोन मशीनांची तोंडं वेगळी निघतात आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरकही लादी भिजवायला पुरतो.

मला तीन मीटरचा पाइप हवा होता, थेट माडाच्या आळ्यापर्यंत नेता आला असता. काका देईनात. “लांब घेतल्यार उदक भितर रावतलें,” म्हणाले. जास्त पैशाचा माल गिऱ्हाईक मागत असताना नको म्हणणारा दुकानदार मला तरी क्वचितच भेटलाय. त्यांचं म्हणणं असं, की बिनपंपाच्या मशीनचा पाइप आखूड हवा, जमिनीलगत हवा आणि मशीनपासून उतरता हवा. लांबच लांब पाइप लादीवर लोळत असला की पाणी सावकाश जातं, साबणाचा गाळ आणि आमच्याकडे वाळू तळाला बसते, आणि टब वेळेत रिकामा झाला नाही की मशीन एरर दाखवून थांबतं. माडाला पाणी द्यायचंय ना, मग दीड मीटरचा पाइप घे, पुढे पीव्हीसीची जाड नळी उतारावर टाक आणि हा पाइप तिच्यात नुसता सोडून दे. सोडून दे म्हणजे कडेने चिंधी किंवा सिमेंट लावून बुजवायचा नाही. हवा जायला फट राहिली पाहिजे, नाहीतर पाणी अडखळतं.

शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाचं मशीन समोरून दार उघडणारं होतं. त्याला काकांनी नेमकं उलटं सांगितलं. त्या मशीनांना पंप असतो आणि पाइप वर चढवून, साधारण दोन ते तीन फुटांवर अडकवावा लागतो. खाली टाकला तर एकीकडून पाणी भरतं आणि दुसरीकडून आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. शेजारणीच्या पाइपकडे बघून आपला बसवणाऱ्यांनी हे वाचावं.

पाइप म्हणाल तर करडा, घडीचा, दीड मीटर, २२० रुपये. पाकिटावर कंपनीचं नाव वगैरे काही नाही. भिंत जाड आहे, वाकवला तर गोलाईत वळतो, मोडून बसत नाही. मशीनकडचं तोंड मऊ रबरी आणि आतून गुळगुळीत, आणि हे महत्त्वाचं, कारण घडीच्या भागावर क्लिप कधीच पाणी धरत नाही. कापून आखूड करायचा झाला तर दुसऱ्या टोकाकडून कापा, या तोंडाला हात लावू नका. एक मार्क कापला तो वासाचा. पहिले काही दिवस नव्या रबराचा उग्र दर्प येत होता. पाहुण्यांच्या चादरी लावण्याआधी पायपुसणी आणि फडकी धुऊन घेतली.

बसवण्याचं काम कठीण नाही, मात्र घाई करू नये. आमच्या मशीनला मागे खालच्या कोपऱ्यात व्हॉल्व्हचं नळकांडं बाहेरच आलेलं आहे, त्यामुळे पोट उघडावं लागलं नाही. प्लग काढला, नळ बंद केला. धाकट्या जावेने टॉर्च धरला, मी पाइपखाली परात सरकवली, कारण टब रिकामा असला तरी पाइपात तांब्याभर पाणी असतंच. जुनी स्प्रिंगची क्लिप खाऱ्या हवेने गंजून लाल झालेली. तिचे दोन कान पक्कडीने दाबून ती मागे सरकवली. पाइप मात्र ओढायचा नाही, डावी-उजवीकडे पिळत पिळत सैल करायचा. ते नळकांडं प्लॅस्टिकचं असतं. हिसका देऊन मोडलं तर पाइपच्या जागी सगळा व्हॉल्व्ह बदलावा लागतो. नळकांड्यावर साबणाचं किटण साचलं होतं, ते जुन्या टूथब्रशने खरवडून पुसून काढलं. नव्या पाइपचं तोंड गरम पाण्यात थोडा वेळ बुडवलं, चहाइतपत गरम, उकळतं नव्हे. रबर मऊ पडलं आणि नळकांड्याच्या कंगोऱ्यापलीकडे सहज चढलं. चढेना तर साबणाचं बोट लावा. तेल लावू नका, तेलाने काही रबरं फुगून खराब होतात आणि पाइप निसटतो तो वेगळा.

आता ती क्लिप. पाइपसोबत मिळते ती साध्या लोखंडी तारेची, वरून मुलामा दिलेली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी ती भंगारातच टाकावी. स्क्रूने आवळायची स्टीलची क्लिप वेगळी घ्या, मला ३५ रुपयांना पडली. घेताना लोहचुंबक लावून बघा. मी पर्समध्ये फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन गेले होते, एका पाहुणीने मागे ठेवलेला, ‘गोवा’ लिहिलेला आणि खाली दोन माड. काकांनी आधी दिलेल्या क्लिपच्या पट्टीला तो चिकटला नाही, पण स्क्रूला टचकन चिकटला. म्हणजे पट्टी चांगल्या स्टीलची आणि स्क्रू लोखंडाचा. पावसाळ्यात आधी स्क्रू गंजतो आणि मग क्लिप ना आवळता येते ना काढता. काका हसले आणि वरच्या डब्यातून दुसरी काढून दिली, तिला कुठेच चिकटला नाही. चांगली क्लिप ठेवतात, पण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. दुकानाचा एक मार्क तिथे गेला. क्लिप आवळतानाही जोर बेताने. रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंनी जरासं फुगलं की थांबायचं, आणखी पिळलं तर पट्टी रबरात रुतते.

चिऱ्याची कड काही मी तासून काढलेली नाही. तिथे पाइपला सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा गुंडाळलाय. पुन्हा वर्तमानपत्र पसरून स्पिन लावलं. पेपर कोरडा. तेव्हापासून कोपराही कोरडा. मोसमभर मधूनमधून पाइपचं खालचं टोक काढून बादलीभर पाण्याने वाळू धुऊन काढते, तेवढी देखभाल लागतेच.

दुकानाच्या उरलेल्या अर्ध्या मार्काचं असं, की बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि कापलेला पाइप परत घेत नाहीत. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली असतं, तेव्हा दुपारच्या बसने उतरलात तर बाजारात फिरत बसावं लागेल. फोनवर ऑर्डर घेत नाहीत, जुना पाइप घेऊनच जायचं. आणि शुक्रवारी जाऊ नका. बाजाराच्या दिवशी गाडी ठेवायला जागा मिळत नाही, आणि काउंटरवर इतकी झुंबड असते की काका ती सुतळी खणातून काढतीलच असं नाही.