चकव्याचा तपास ४८ तासांत: ट्वाइन, रेनपाय, आरपीजी मेकर की गोडो?

गेम जॅममध्ये, म्हणजे ठरल्या वेळात दिलेल्या थीमवर खेळ बनवायच्या उपक्रमात, शुक्रवारी रात्री थीम जाहीर होते, रविवारी रात्री खेळ चढवायचा असतो, आणि दोघा-तिघांच्या टीमचे पहिले चार तास ‘कशात बनवायचा’ या वादातच जातात. तो वाद आधीच मिटावा म्हणून एकच प्रकरण खेळ बनवायच्या चारही साधनांवर ताडून बघू: शब्दांच्या खेळांचं ट्वाइन, चेहरे आणि संवादांचं रेनपाय, नकाशावर फिरायच्या खेळांचा आरपीजी मेकर आणि सगळ्या प्रकारच्या खेळांचं गोडो. ठाण्यातल्या येऊरच्या वाटेवर एक माणूस नाहीसा झालाय. पाड्यावरचे म्हणतात चकवा लागला, पोलीस म्हणतात कर्ज बुडवून पळाला. गुप्तहेराने उपवनपासून तलावपाळीपर्यंत फिरायचं, लोकांना बोलतं करायचं आणि शेवटी एकावर बोट ठेवायचं. (ठाण्यात भुताची गोष्ट म्हटली की मनोरुग्णालय आठवतं. ते टाळा. आजारी माणसांना भूत बनवण्यात कसब नाही.)

मापं आधी ठरवा, कारण साधन बदललं तरी ती बदलत नाहीत: सहा ठिकाणं, चार संशयित, नऊ पुरावे, दोन शेवट. नऊ अशासाठी की उकल तीन गोष्टींवर उभी आहे: कोणी केलं, कसं केलं आणि चकवा खरा होता का. प्रत्येकीकडे नेणारे तीन पुरावे असले, तर खेळणाऱ्याच्या नजरेतून दोन निसटले तरी गाडी अडत नाही. मजकूर फार तर दोन-अडीच हजार शब्दांत बसवा. जॅममध्ये एका खेळाला पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप.

खेळात फासे टाकायचे असतील तर एकच पथ्य: मुख्य पुरावा फाशावर टांगायचा नाही. दोन फाशांची बेरीज ७ किंवा जास्त म्हणजे यश, असा नियम ठेवला तर शक्यता ५८ टक्के येते. गुप्तहेराच्या ‘नजर’ या गुणाचा १ मिळवला की ७२, २ मिळवले की ८३. म्हणजे नवखा गुप्तहेर दहातून चारदा तोंडावर पडणार. त्याला तिथेच अडवलंत तर तो टॅब बंद करून दुसऱ्याचा खेळ उघडतो. त्यापेक्षा पुरावा द्याच, वर त्याच्या ‘भीती’चा आकडा एकाने वाढवा. भीती ५ झाली की चकवा लागला.

खेळ मराठीत असेल, तर निम्मा निर्णय अक्षरांवरच होतो. थीम जाहीर होण्याआधी प्रत्येक साधनात ‘दुसऱ्या तऱ्हेचं लक्षण, स्त्रीचा श्वास, वाङ्मय’ ही ओळ टाकून बघा. ट्वाइनचा खेळ म्हणजे शेवटी एक वेबपान, त्यामुळे जोडाक्षरं ब्राउझर सांभाळतो आणि काही करावं लागत नाही. रेनपायच्या जुन्या आवृत्त्यांत वेलांट्या भलतीकडे बसत. ताज्या आवृत्तीत ते सुधारलंय, पण सोबत येणाऱ्या फाँटमध्ये देवनागरी नाही, तेव्हा मुक्ता किंवा नोटोसारखा देवनागरी फाँट स्वतः जोडायचा. गोडोचा तिसरा अवतार बादच समजा, कारण जोडाक्षरं जुळवायची सोय मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्यात झाली. त्यातही एक सापळा आहे. फाँट जोडला नाही तरी गोडोच्या एडिटरमध्ये मराठी नीट दिसतं, कारण गोडो संगणकातला फाँट उसना घेतो. ब्राउझरमध्ये ही उसनवारी चालत नाही आणि रविवारी रात्री नुसते चौकोन दिसतात.

आरपीजी मेकर इथे सगळ्यात कच्चा. संवादाच्या चौकटीत तो एकेक चिन्ह वेगळं रंगवतो, त्यामुळे काना-मात्रा सुट्या पडतात. एमझेड या त्याच्या आवृत्तीत अख्खी ओळ एकदम दाखवायचा कोड सुरुवातीला टाकला की बरंचसं आवरतं. ओळ आपोआप खाली उतरत नाही, ती हातानेच तोडावी लागते. बरं, चौघांत पैसे मोजावे लागतात ते यालाच.

मग आरपीजी मेकर घ्यायचा कशाला? चकव्यासाठी. नकाशाच्या गुणधर्मांत दोन्ही दिशांनी लूप (एका कडेने बाहेर पडलं की समोरच्या कडेने आत) निवडला की येऊरचं जंगल संपतच नाही. पडद्यावर १७ बाय १३ चौकोन मावतात, त्यामुळे लूपचा नकाशा त्याहून चांगलाच मोठा, ३० बाय ३० तरी ठेवा. लहान ठेवलात तर तेच झाड दोनदा दिसून बिंग फुटतं. प्रत्येक फेरीला एक व्हेरिएबल, म्हणजे खेळाने लक्षात ठेवलेला आकडा, वाढवायचं आणि तिसऱ्या फेरीला एका झाडाची फांदी तुटलेली दाखवायची. जुनी माणसं सांगतात तसं एका जागी बसून राहणं हा उतारा ठेवा: वीस सेकंद एकही कळ दाबली नाही की वाट मोकळी. हे वाचून कळण्यापेक्षा चालून कळलं की अंगावर येतं. सावध राहायचं ते ऑटोरन, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या घटनेपासून. ती थांबवणारा स्विच विसरलात की खेळ जागच्या जागी गोठतो. शिवाय सोबतच्या चित्रांत युरोपातली खेडी आणि किल्ले आहेत, रिक्षाची रांग किंवा कोपिनेश्वराचं शिखर नाही. ४८ पिक्सेलच्या चौकोनात ते काढायला चित्रकाराचा अख्खा शनिवार जातो.

ट्वाइनमध्ये तोच चकवा शब्दांत लागतो: तोच परिच्छेद, दर वेळी एक शब्द बदललेला. ट्वाइनच्या साच्यांपैकी शुगरक्यूब फॉरमॅट घ्या, पुराव्यांची यादी आणि गुणांचे आकडे त्यात सहज राहतात. व्हेरिएबलची नावं मात्र रोमन लिपीतच. परिच्छेदांची (ट्वाइनमधल्या एकेका पानाची) नावं मराठीत चालतात, पण घोळ होतो तोही तिथेच. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या प्रकारे लिहितात. दिसायला सारखा, आतून निराळा. ट्वाइनला ते नवं नाव वाटतं, तो गुपचूप एक कोरा परिच्छेद तयार करतो आणि खेळणारा तिथे जाऊन अडकतो. म्हणून नावं छोटी ठेवा: ‘तलाव’, ‘पाडा’, ‘चौकी’. शुगरक्यूबचे मागे-पुढे जायचे बाणही बंद करा, नाहीतर चुकीच्या माणसावर आळ घेऊन एका क्लिकमध्ये मागे फिरता येतं. ब्राउझरमध्ये काम करत असाल तर दर दोन तासांनी फाइल उतरवून ठेवा. ब्राउझरचा साठा साफ झाला की प्रकरणही साफ.

चारही संशयितांचे चेहरे दिसायला हवे असतील तर रेनपाय. शनिवारी संध्याकाळी मासुंदा तलावाचे फोटो काढा, निळसर काळे करा, पार्श्वभूमी तयार. काही जॅममध्ये साहित्य मुदतीतच बनवायची अट असते, तेव्हा जुने फोटो घेण्याआधी नियम वाचा. संवाद आणि पर्याय यात सर्वांत सरळ लिहिले जातात. इथेही माउसचं चाक फिरवून मागे जाता येतं, तेव्हा आरोप झाल्यावर ती वाट अडवा. बदलणारे आकडे ‘डिफॉल्ट’ या आदेशाने जाहीर करा. ‘डिफाइन’ केलेत तर खेळ जतन करताना ते वगळले जातात.

गोडो फुकट आणि सर्वांत ताकदवान, पण संवादाची चौकट, पुराव्यांची वही, जतन करणं, सगळं आपल्याला बांधायचं. डायलॉजिक हे संवादांचं तयार जोडसाधन जोडलं तरी ते आधी शिकलेलं हवं. टीममधल्या एकाने तरी गोडोत एखादा खेळ पुरा केला असेल तरच या वाटेला जा. गेलातच तर आवृत्ती ४.३ किंवा पुढची घ्या, ब्राउझरची डोकेदुखी कमी होते. कोड सी शार्प भाषेत नको, चौथ्या गोडोत ते वेबवर जात नाही.

तेव्हा भूत कुठलं ते आधी ठरवा. मुंजा पिंपळावर बसून बोलतो, त्याचं प्रकरण ट्वाइनमध्ये रंगतं आणि दोघांच्या टीमलाही झेपतं. बोलणाऱ्याचा चेहराच संशय वाढवत असेल तर रेनपाय. चकवा वाट फिरवतो, त्याला नकाशा लागतो. आरपीजी मेकर आधीपासून हाताशी असेल आणि मजकूर हजार शब्दांत आटपत असेल तर तो घ्या, एरवी चकवाही शब्दांतच लावा.

खेळ ठेवायच्या इच डॉट आयओ या साइटवर चढवताना झिपच्या वरच्याच थरात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको. एकूण फाइली हजारांच्या आत ठेवा. फाइलींची नावं रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत, कारण विंडोजवर मोठं-लहान अक्षर खपून जातं, सर्व्हरवर नाही. मुदत जागतिक वेळेत दिलेली असेल तर साडेपाच तास मिळवा: रविवारची मध्यरात्र म्हणजे आपली सोमवारची पहाट, साडेपाच. तरी रविवारी रात्री दहालाच एक चालणारी प्रत चढवा आणि टीमबाहेरच्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा.