शिमानोची ११-३४ कॅसेट: सिंहगडाला हवीच, पण संघातल्या सगळ्यांना नको

पुण्यात रोड बाइक घेणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो हा : "मागे चौतीसची लावून टाक, सिंहगड बसून चढशील." म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचात, कॅसेटमध्ये, सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची घे; ११-३४ म्हणजे सगळ्यात लहान ११ ची, सगळ्यात मोठी ३४ ची. सल्ला खोटा नाही. पण तो एकट्याने गडावर जाणाऱ्यासाठी आहे. चार-पाच जणांचा संघ करून हौशी गटातल्या घाटाच्या शर्यतीत उतरायचं असेल, तर हीच कॅसेट (एचजी७००, ११ स्पीड, म्हणजे मागे अकरा चकत्या) संघात नेमकी कुणाच्या चाकावर चढवायची, हे आधी ठरवावं लागतं.

दात्यांचा क्रम असा : ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. शेजारी शिमानोच्याच १०५ आर७००० या गिअर-संचाची ११-३० ठेवा : ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२४-२७-३०. फरक दोन टोकांना आहे. वर ३४ मिळाला, खाली १२ आणि १४ गेले.

आधी चढाचा हिशोब. सायकल धरून ८० किलो वजन आणि १० टक्क्यांचा चढ असेल, तर साधारण २०० ते २१० वॉटमध्ये ताशी ९ किलोमीटर वेग मिळतो. सिंहगडाच्या वरच्या वळणांवर असे तुकडे येतात. कॉम्पॅक्ट क्रँकवर, म्हणजे पुढच्या ५० आणि ३४ च्या दोन चकत्यांपैकी ३४ वर असताना, मागे २८ असेल तर या वेगाला कॅडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) ५९ च्या आसपास पडतो आणि ३४ असेल तर ७१. कागदावर फरक बाराचाच. पण ५९ वर मांड्या भरून येतात, माणूस उभा राहतो, हार्टरेट चढतो आणि पुढच्या वळणापर्यंत त्याची लय गेलेली असते. ७१ वर तोच माणूस बसून, नाकाने श्वास घेत नसला तरी निदान बोलत चढतो. या कामात कॅसेटला पैकीच्या पैकी गुण.

वजनाची तक्रार मात्र मनावर घेऊ नका. ११-२८ पेक्षा ही जवळपास शंभर ग्रॅम जड आहे. ८० किलोंच्या हिशोबात, चाळीस मिनिटांच्या चढावर त्याचे तीन सेकंद होतात. बाटलीत दोन घोट पाणी जास्त राहिलं तरी तेवढं वजन भरतं.

आता सपाटी. इथे एक गैरसमज सरसकट ऐकू येतो की ११-३४ वर गिअरमधल्या उड्या मोठ्या, म्हणून पेसलाइनमध्ये (एकामागे एक, आळीपाळीने पुढे येत चालवताना) त्रास होतो. ताशी ३६ ला पुढे ५० ठेवून १७ वरून १५ वर गेलात तर कॅडन्स ९७ वरून थेट ८५-८६ वर येतो, हे खरं. पण १६ चा दाता ११-२८ मध्येही नाही आणि ११-३० मध्येही नाही, म्हणजे ही उडी तिघांनाही मारावीच लागते. खरा तोटा ४० च्या पुढे दिसतो. वारा पाठीवर आहे, कुणी अटॅक केलाय (अचानक वेग वाढवून सुटलाय), संघ त्याला पकडायला निघालाय. ताशी ४० ला १५ वर ९५, १३ वर ८२ आणि मध्ये काही नाही. ११-३० वाला १४ वर ८९ ने निवांत फिरवत असतो. ११-३४ वाला कधी फुकट गरगर फिरवतो, कधी रेटतो. पुढे येण्याची पाळी आली की नकळत वेग वाढवतो, आणि मागच्याच्या चाकात फट पडते. ही फट भरायला लागणारी ताकद संघाच्याच खिशातून जाते. शिमानोच्याच १२ स्पीडच्या अल्टेग्रा संचाच्या ११-३४ मध्ये १२ आणि १४ दोन्ही आहेत, त्यामुळे तिथे ही तक्रार उरत नाही.

म्हणून वाटणी भूमिकेप्रमाणे करावी. सपाटीवर ताशी ३६ ला मागे बसणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. सिंहगडावर ताशी ९ ला हा ड्राफ्ट (पुढच्याच्या आडोशाचा फायदा) नावालाही नसतो. तिथे पुढे 'ओढणारा' सहकारी वारा अडवत नाही, तो फक्त वेग सारखा ठेवतो : हिसके द्यायचे नाहीत आणि समोरचा उसळला तरी लगेच मागे उसळायचं नाही. हे काम ज्याच्याकडे आहे त्याला ३४ द्या. पाळी संपल्यावर त्याला कोसळायचं नसतं. आपल्या चालीने माथा गाठून उतारावर पुन्हा गटात यायचं असतं. बोपदेव घाटानंतर सासवडपर्यंत बराच रस्ता उरतो, आणि तिथे लीडर, म्हणजे संघाला ज्याला जिंकवायचं आहे तो, एकटा पडला तर घाटात कमावलेलं सगळं वाऱ्यात जातं. वजनाने भारी पण सपाटीवर दणकट गड्यालाही ३४ च हवा, नाहीतर तो पहिल्याच घाटात सुटेल आणि पुढच्या चाळीस किलोमीटरमध्ये त्याचा उपयोग शून्य. ज्याने अटॅकला उत्तर द्यायचं किंवा शेवटी स्प्रिंट मारायची, त्याला ११-३०.

या कॅसेटचा एक डाव फारसा कुणी खेळत नाही. माथ्याच्या शंभर मीटर आधी, ताशी १८ च्या आसपास, पुढच्या मोठ्या चेनरिंगवर (५० च्या चकतीवर) जा आणि मागे २७ किंवा ३० ठेवा. ५०-२७ ला कॅडन्स ७७ पडतो. बाकीचे माथ्यावर पुढचा गिअर टाकत चेन खडखडवत असतात, तेव्हा तुम्ही मागे फक्त एकेक क्लिक मारत वेग घेता. दिवे घाटासारख्या, वर पोचल्यावर सरळ उघडा रस्ता मिळणाऱ्या चढांवर याचा फायदा जास्त.

मुंबई-पुणे शर्यतीसारखा मार्ग असेल, तर हिशोब उलटा. खोपोलीपर्यंत सपाटी, मग बोर घाट, वर लोणावळ्यापासून पुन्हा पळता रस्ता. 'घाटाचा राजा' व्हायचं स्वप्न असलेला तसाही ३४ वापरत नाही. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाजवळ धाप लागणारा एखादा सोडला, तर संघाला ११-३० पुरे.

बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ही कॅसेट ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) चढवताना आत १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, लागतोच. तो विसरला तर कॅसेट आवळणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला घट्ट करूनही कॅसेट हलते आणि इंडेक्सिंग (गिअरची जुळणी) कितीही जुळवलं तरी बिघडत राहतं. १० स्पीडच्या हबवर मात्र स्पेसरशिवाय बसते. मागचा डिरेल्यूर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आर७००० चा लांब पिंजऱ्याचा, म्हणजे जीएस हवा. आखूड एसएस ३० पर्यंतच. जुनी चेन तशीच ठेवू नका. डिरेल्यूर वगळून पुढच्या ५० आणि मागच्या ३४ वरून चेन गुंडाळा, वर दोन लिंका धरा आणि मग तोडा. आखूड चेनवर दमलेल्या माणसाने चुकून ५०-३४ टाकला, तर डिरेल्यूर फ्रेमला धरणारा हँगर मोडतो आणि डिरेल्यूर आऱ्यांत जातो. शेवटी बी-टेन्शन स्क्रूने वरची पुली आणि ३४ च्या दात्यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवा. खडखड येत असेल तर बहुतेक वेळा तिथेच चूक असते.

आणि संघासाठी सगळ्यात महत्त्वाचं : ज्याला ११-३० दिली आहे, त्याच्याही सायकलला जीएस डिरेल्यूर, ३४ च्या मापाची चेन आणि तसंच बी-टेन्शन ठेवा. लीडरचं चाक पंक्चर झालं की सहकाऱ्याने आपलं चाक काढून द्यायचं असतं. त्या क्षणी ११-३४ चं चाक लीडरच्या आखूड चेनवर बसवलं, तर मदतच शर्यत संपवेल. डिस्क असतील तर सगळ्यांचे रोटर एकाच मापाचे, सगळे १४० किंवा सगळे १६०. रोटर पॅडला घासतो का, हे शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक चाक प्रत्येक सायकलला लावून बघा. पाच सायकलींना तासभर लागतो.