गणपतीच्या देखाव्यासाठी छोट्या मोटारी मागवताय? आधी हे वाचा

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो आणि देखावा हलताच हवा, असा घरचा हट्ट. यंदा गावगाडा केला होता. जात्यावर दळणारी आजी, तेलाचा घाणा, बैल, झोका. बाहुल्या वीतभरही नाहीत, म्हणून आत एन-२० गिअर मोटारी बसवतो. १२ मिमी रुंद, १० मिमी जाड, पुढे पितळी चक्रांची उघडी पेटी आणि ३ मिमीचा, एका बाजूने चपटा शाफ्ट.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकीला २२० रुपये सांगितले. त्याच रात्री फोनवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: १४० रुपये, ६ व्होल्ट, ३० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ३० फेरे. मला १२ हव्या होत्या, म्हणजे जवळपास हजार रुपये वाचत होते. त्याने व्हिडिओही पाठवला, मोटार छान संथ फिरत होती. "ताई, माल एक नंबर आहे. सणाची गर्दी आहे, आत्ता पैसे टाकलेत तर पार्सल आजच निघेल." मी १६८० रुपये टाकून मोकळी झाले.

पार्सल आलं गणपतीच्या दोन दिवस आधी. पहिली मोटार जोडली आणि जातं गरागरा फिरायला लागलं. फोन केला तर म्हणाला, "तुमचा अडॅप्टर जास्तीचा आहे ताई, व्होल्टेज उतरवा." उतरवलं. जातं संथ झालं आणि मला पटलं.

ही थाप नीट समजून घ्या, कारण ती अर्धी खरी आहे. व्होल्टेज कमी केलं की वेग कमी होतो, पण जोरही जातो. ३० आरपीएमची मोटार संथ असते ती चक्रांमुळे. आतली मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, चक्रांच्या जोड्या तो वेग उतरवतात आणि त्या बदल्यात जोर वाढवतात. व्होल्टेज उतरवून संथ केलेल्या मोटारीला हा जोर मिळतच नाही. व्हिडिओत शाफ्टवर काहीच भार नव्हता, तो संथपणा कशाचाही असू शकतो.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी आजी थांबली. मोटार चांगलीच तापली होती. बाहेर काढून वरचं ३० चं लेबल नखाने उचकटलं, तर खाली दुसरं, त्यावर १००. तारा जोडायच्या पत्र्यांवर जुन्या सोल्डरिंगचे काळे थेंब होते, दात्यांतलं ग्रीस काळं पडलेलं. कुठल्यातरी जुन्या वस्तूतून काढलेल्या मोटारी होत्या त्या, बाराच्या बारा. माझ्या लेकीने ती आजी आठ दिवस खपून रंगवली होती. ते आठवलं की अजून संताप येतो.

विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, पण माझ्याकडे ना बिल, ना दुकानाचा पत्ता. म्हणून सांगते, बिल आल्याशिवाय पैसे सोडू नका आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मोटार पूर्ण ६ व्होल्टवरच तपासा. बंद मोटारीचा शाफ्ट हाताने पिळू नका, दाते तुटतात. चालू असताना चिमटीत हलकेच धरा, ३० आरपीएमची मोटार सहज थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तपकीर गल्लीतून चार मोटारी आणल्या. काउंटरवरच ६ व्होल्ट लावायला सांगितले, शाफ्टला कागदाचा कपटा चिकटवला आणि मिनिटभर फेरे मोजले. एकतीस. दुकानदार काही न बोलता दुसरी मोटार जोडू लागला.